अव्यक्त नादाची अक्षरे

मराठी माणसाच्या कानाला एक जुनी खोड आहे. कोणताही आवाज नुसता ऐकून तो तृप्त होत नाही. त्या आवाजाला अक्षरांचा अंगरखा चढविल्यावाचून त्याला चैन पडत नाही. दार करकरते, भांडे खणखणते, पाल चुकचुकते, तापलेल्या तेलात मोहरी तडतडते. ही सर्व क्रियापदे मूळचे आवाजच होत. आपण त्यांना प्रत्यय लावून भाषेत बसवून घेतले एवढेच. पुढे यंत्रे आली. ती परदेशांतून आली आणि त्यांची नावेही परकी होती. परंतु त्यांचा आवाज आपल्या लोकांनी आपल्याच वर्णमालेत ऐकला. आगगाडी झुकझुक करू लागली, तारायंत्र 'कडकट्ट' बोलू लागले, आणि मोटारसायकलचे तर नावच 'फटफटी' पडले.

ह्या नित्याच्या गोष्टीकडे माझे लक्ष नव्याने वेधले ते माझ्या नातीमुळे. ती मुंबईस उपयोजित कलेचे शिक्षण घेते. तिच्या वर्गाला असा अभ्यास दिला होता की, घरात व रस्त्यात रोज कानी पडणाऱ्या यंत्रांचे आवाज घेऊन त्यांची भित्तिपत्रके, ज्यांना आपण सर्रास पोस्टर म्हणतो ती, तयार करावयाची. मात्र पत्रकात चित्र नको आणि छायाचित्रही नको. केवळ अक्षरे हवीत. अक्षरांचा आकार, त्यांची जाडी, त्यांमधील अंतर आणि कागदावरील त्यांची जागा एवढ्याच साधनांनी पाहणाऱ्याच्या कानात तो आवाज उठला पाहिजे. तिच्या सोबत्यांपैकी पुष्कळांनी रोमन लिपी घेतली. हिने देवनागरी घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत नांदुऱ्यास येऊन मला म्हणाली, "आजोबा, शब्द तुम्ही द्या. अक्षरं मी काढते."

मी जन्मभर शाळेत बाराखडी गिरवून घेतलेला मास्तर. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर घरी वडिलांपाशी बसून थोडेफार संस्कृत व्याकरण घोकलेले. चित्रकलेत मला गती नाही. परंतु 'शब्द द्या' हे आवाहन असे होते की, ते ऐकून कोणत्याही मास्तराने स्वस्थ बसू नये.

मी तिला प्रथम हे सांगितले की, हा उद्योग वाटतो तितका नवा नव्हे. ज्या ध्वनीत वर्ण स्पष्ट ओळखू येत नाहीत त्याला आपले वैयाकरण 'अव्यक्त' म्हणतात, आणि मनुष्य जेव्हा आपल्या वर्णांनी त्याची नक्कल करतो तेव्हा त्या शब्दाला 'अव्यक्तानुकरण' म्हणतात. पाणिनीने अशा शब्दांसाठी स्वतंत्र नियम घातले आहेत. 'पटपटा करोति' हा त्यांतलाच प्रयोग. त्याच्याही पूर्वीच्या यास्काने निरुक्तात कावळ्याच्या नावाचा विचार केला आहे. 'काक' हे नाव त्याच्या ओरडण्यावरूनच पडले असे यास्क म्हणतो, आणि औपमन्यव नावाच्या आचार्याला हे मान्य नव्हते, असेही प्रामाणिकपणे नमूद करतो. म्हणजे आवाजावरून नाव पडते की नाही, हा वाद आपल्याकडे अडीच हजार वर्षांचा आहे. औपमन्यवाने फटफटी ऐकली असती तर त्याचे मत काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे!

दुसरी गोष्ट काळाच्या मापाची. ह्रस्व, दीर्घ आणि प्लुत ह्या तीन मात्रा शिकविताना पाणिनीने 'उ' हाच स्वर उदाहरणाला घेतला, कारण कोंबड्याच्या आरवण्यात तिन्ही मात्रा क्रमाने ऐकू येतात, असे परंपरा सांगते. पाणिनीय शिक्षेत तर मात्रांचे माप पशुपक्ष्यांच्या आवाजानेच दिले आहे: चाष पक्षी एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन, आणि मुंगूस अर्धी. घड्याळ नव्हते तेव्हा विद्यार्थ्याच्या कानाशी जे रोजचे आवाज होते, तेच गुरूने मापाला घेतले. आज आमच्या विद्यार्थ्याच्या कानाशी मोर नाही. कुकर आहे, पाण्याचा पंप आहे, भ्रमणध्वनी आहे. मग त्यांचे वर्ण कोणते आणि मात्रा किती, हे विचारण्यात गैर ते काय?

आम्ही दोघे एका कोऱ्या वहीत यादी करू लागलो, आणि यादी वाढू लागली तशी एक गंमत ध्यानात आली. आपली वर्णमाला उच्चारस्थानांच्या क्रमाने रचलेली आहे: कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. यंत्रांचे शब्दही बहुतांशी ह्याच क्रमाने आपापल्या खणांत जाऊन बसतात. जिथे एक वस्तू दुसरीवर घासते तिथे कंठ्य वर्ण येतात; विहिरीवरचा रहाट कुरकुरतो, जुना रेडिओ खरखरतो, चक्की घरघरते. जिथे वाफ किंवा तेल बोलते तिथे तालव्य येतात: चर्र, छन्न, झुक, आणि वाफेचा तो लांब 'श'. कठीण वस्तू कठीण वस्तूवर आपटली की जीभ आपोआप मूर्धेकडे वळते: टक, ठक, खाड, ठण. ट-वर्ग म्हणजे लोहाराचे दुकानच! जड पण बोथट आघात दाखवावयाचा तर दंत्य वर्ण लागतो: थप्, धप्. आणि कोंडलेली हवा एकदम सुटली की ओठांवाचून काम भागत नाही: पुक, फट, भक.

ह्या शेवटच्या वर्गाचे मला विशेष नवल वाटले. प-वर्गाचा उच्चार करताना आपण ओठ मिटतो, आत हवा कोंडतो आणि मग ओठ उघडून ती एकदम सोडतो. इंजिनाच्या नळकांड्यातही तेच घडते. झडप मिटलेली असते, आत वायूचा दाब वाढतो, आणि झडप उघडताच तो फटकन बाहेर पडतो. म्हणजे 'पुक्' म्हणताना आपण इंजिनाच्या आवाजाचीच नव्हे, त्याच्या क्रियेचीही नक्कल करतो. तीच गोष्ट 'र'ची. 'र' उच्चारताना जिभेचे टोक थरथरते, म्हणून जे जे फिरते ते ते रकार मागून घेते: घर्र, भिर्र, गरगर. अनुस्वार येतो तो नाद मागे रेंगाळला तर. 'टक' तिथल्या तिथे मरतो, 'टिंग' घुमत राहतो. आणि लहान यंत्राला इकार, मोठ्याला आकार वा ओकार: घड्याळ टिकटिकते, पण गिरणीचा भोंगा 'भों' करतो. ह्या नियमांना अपवाद आहेत. परंतु नियमांचा कल इतका स्पष्ट आहे की, हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणवत नाही.

असो. शब्द मिळाले तरी पत्रक होत नाही. कानाचा शब्द डोळ्यांस कसा ऐकू यावा, हा खरा प्रश्न होता.

युरोपात ह्याचे प्रयोग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाले. इटलीतील मारिनेत्ती ह्या कवीने १९१२ सालच्या बाल्कन युद्धातील एड्रियानोपलचा वेढा पाहून 'झांग तुंब तुंब' नावाचे पुस्तक १९१४ साली प्रसिद्ध केले. त्यात तोफांचे आवाज लहानमोठ्या, आडव्यातिडव्या टाइपांत पानभर उधळलेले आहेत. छापखान्याच्या सरळ ओळींची शिस्त त्याने मोडली, आणि पुढच्या चित्रकारांना त्यातून पुष्कळ शिकता आले हे खरे. परंतु त्याला युद्धाचे जे कौतुक होते ते मला मानवत नाही. त्याच्या उलट टोकाला स्वित्झर्लंडमधील म्युलर-ब्रोकमन ह्यांचे १९६० सालचे एक भित्तिपत्रक आहे. 'गोंगाट कमी करा' एवढाच त्याचा आशय. नातीने ते मला संगणकावर दाखविले. कान झाकून घेतलेले एक माणूस आणि तिरपे धावणारे दोन शब्द; पाहताक्षणी आपलाही हात कानाकडे जातो.

आपल्याकडेही ही विद्या अपरिचित नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) ह्यांनी मराठी नाटकांच्या वृत्तपत्रांतील जाहिरातींसाठी नाटकांची नावे अशी रेखाटली की, अक्षरांच्या नुसत्या वळणावरून नाटकाचा स्वभाव कळावा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवीही होते आणि अक्षरकारही, मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना ही कला शिकविली, आणि विंडोज प्रणालीच्या संगणकांवर देवनागरीसाठी असणारा 'मंगल' हा टाइप त्यांच्याच हातचा. अक्षर ही नुसती वाचावयाची खूण नसून पाहावयाची व ऐकावयाचीही वस्तू आहे, हे ह्या दोघांनी मराठी डोळ्यांना शिकविले.

आता आमच्या नांदुऱ्याच्या आवाजांकडे वळतो. हे गाव मुंबई–नागपूर लोहमार्गावर, मलकापूर व जलंब ह्यांच्या दरम्यान वसलेले. १८६७ साली हा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, आणि कपाशीच्या व्यापारासाठी जलंबहून खामगावला फाटा निघाला तो १८७० साली. तेव्हा आमच्या गावाच्या कानाला पहिले मोठे यंत्र ठाऊक झाले ते आगगाडीचे. माझ्या लहानपणी वाफेची इंजिने होती. तिकडे मूर्तिजापूर–अचलपूरच्या अरुंद मार्गावरील 'शकुंतला' तर १९९४ सालापर्यंत वाफेवर धावत होती. दोन नळकांड्यांचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वाफ सोडते. त्यामुळे गाडी सुटताना ते सावकाश चार पावले मोजल्यासारखे 'भक्, भक्, भक्, भक्' म्हणे आणि वेग घेताच त्याचे 'झुकझुक' होई. मुलांचा झुकझुक हा शब्द भरवेगातला आहे. फलाटावर उभ्या असणाऱ्यांचा शब्द 'भक्'.

नातीने मात्र पहिले पत्रक इंजिनाचे न करता रुळांचे केले. पूर्वी रूळ तुकड्यातुकड्यांनी जोडीत, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात लोखंड फुगते म्हणून दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट ठेवीत. त्या फटीवरून चाके गेली की 'खडाड्-खट, खडाड्-खट' असा ठेका उठे. आता रूळ वितळजोडाने लांबच लांब सांधलेले असतात. फट उरली नाही, तसा ठेकाही उरला नाही. तिने काय केले, तर अक्षरांची शिरोरेघ हाच रूळ मानला! डाव्या बाजूस शिरोरेघ जागोजाग तुटलेली आणि प्रत्येक फटीखाली 'खडाड्-खट' लोंबकळते आहे. जसजसे उजवीकडे जावे तसतशी फट बारीक होते, अक्षरे फिकट होतात, आणि शेवटी कागदाच्या कडेपर्यंत एक अखंड रेघ उरते, जिच्याखाली काहीच लिहिलेले नाही.

मी जन्मभर मुलांना 'शिरोरेघ तोडू नका' म्हणून बजावले आहे. म्हणून हे पत्रक पाहून मी तिला एवढेच सांगितले की, जे मोडावयाचे ते कारणाने मोडावे, आणि अक्षर आधी वाचता आले पाहिजे, मग त्याने हवे तेवढे नाचावे. तिला ते पटले. काही पत्रकांत 'क' कोणता आणि 'फ' कोणता हे कळत नव्हते. ती तिने पुन्हा काढली.

देवनागरीत ह्या कामासाठी किती साधने तयार पडलेली आहेत, हे मला तिच्या शेजारी बसून कळले. पायमोड्याचेच पाहा. मराठीत शेवटच्या व्यंजनातील 'अ' आपण उच्चारीतच नाही. 'टक' लिहिले काय नि 'टक्' लिहिले काय, वाचण्यात फरक नाही. पण डोळ्याला तो फरक मोठा आहे. पायमोडा म्हणजे आवाजाची मान कुठे कापली गेली त्याची खूण. शिवणयंत्राच्या पत्रकात तिने 'टक्' शेकडो वेळा एका ओळीत लिहिले आणि पायमोड्यांचीच शिवण घातली. प्लुत दाखविण्यासाठी जुन्या पोथ्यांतून स्वरापुढे तीनचा आकडा घालतात; आगगाडीच्या शिट्टीसाठी मी तिला 'कू३' लिहून दिले, तर तिने दीर्घ उकाराचे शेपूट कागदभर लांबवून तो आकडा अगदी टोकाशी, क्षितिजावरच्या गाडीसारखा, बारीक करून ठेवला. चक्कीच्या पत्रकात वर जाड, ओबडधोबड 'घ', आणि त्याखाली रकारांची धार अशी की, खाली येता येता र बारीक होत शेवटी नुसत्या ठिपक्यांचे पीठ पडावे.

सहा पत्रके झाली तेव्हा आम्ही ती ओसरीच्या भिंतीवर लावली आणि आळीतल्या मंडळींना बोलाविले. चक्कीवाले आले, ते पिठाच्या पत्रकापुढे उभे राहून म्हणाले, "गुरुजी, हा आवाज जुन्या इंजिनाच्या चक्कीचा नाही बरं, मोटार बसवल्यावरचा हाय. इंजिनाची चक्की पुक्-पुक् कराची." आम्ही खाली बारीक अक्षरांत तशी नोंद केली. शेजारच्या शिंपीकाकांनी शिवणीच्या पत्रकाला मान डोलविली.

परंतु सर्वांत मोलाची सूचना केली ती एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांची नोकरी तारघरात गेली होती. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्यांची बोटे तत्पूर्वीच निवृत्त झालेली. 'कडकट्ट'च्या पत्रकात नातीने शिरोरेघेची तार केली होती आणि ट्ट ह्या जोडाक्षराचे दोन टकार एकाखाली एक असे आदळविले होते. गृहस्थांनी ते पुष्कळ वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "अक्षरं सुंदर आहेत, पण तार अशी ऐकू येत नाही. तारयंत्राची पट्टी खाली बसली की एक 'कट्' होतो आणि वर उठली की दुसरा. ठिपक्याला दोन्ही कट् जवळजवळ, रेघेला जरा दूर. आवाज दोघांचा एकच. आम्ही आवाज ऐकत नव्हतो, मधली जागा ऐकत होतो."

मधली जागा ऐकत होतो! मी चाळीस वर्षे मुलांना शब्दांमध्ये अंतर सोडावयास शिकविले; पण त्या अंतराला स्वतःचा अर्थ असतो, हे असे नेमके मला कोणी सांगितले नव्हते. नातीने त्याच रात्री ते पत्रक नव्याने केले. आता त्यात 'कट्' हा एकच शब्द आहे, सर्वत्र एकाच आकाराचा. बदलते ते केवळ दोन शब्दांमधले कोरे. ज्याला मोर्सची लिपी येते त्याला त्या कोऱ्या जागांतून 'नांदुरा' हे नाव वाचता येते. इतरांना नुसता ठेका दिसतो. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी येऊन बोटाने हवेत कट्-कट् करीत ते नाव वाचले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आता सातव्या पत्रकाविषयी लिहितो. ते यादीत नव्हते.

गेली काही वर्षे माझे कान मंद होत चालले आहेत. मी ओसरीवर बसलेला असलो की स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही. आमच्या घरात ह्यावरून थट्टा होई, आणि थट्टेत कधी कधी थोडा त्रागाही असे. वैद्यांनी यंत्र लावून तपासले व मला समजावून सांगितले. कानाच्या आत शंखाच्या आकाराची एक नळी असते, तिच्यात सूक्ष्म केशपेशी असतात. ज्या पेशी उंच स्वर टिपतात त्या नळीच्या तोंडाशीच असतात आणि वयाबरोबर त्याच आधी झिजतात. एकदा गेल्या की माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातील स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो म्हणून अ, आ, ओ ऐकू येतात. परंतु स, श, फ ही व्यंजने उंच पट्टीतली आणि मुळातच दुबळी, म्हणून ती आधी हरवतात. ज्या वर्णमालेवर पोट भरले, तिच्यातली काही अक्षरे एकेक करून रजा घेत आहेत, असे मी घरी येऊन म्हटले. ते विनोदाने म्हटले होते. परंतु कोणी हसले नाही.

ह्यात आणखी एक गोष्ट आहे. जुन्या यंत्रांचा आवाज त्यांच्या कामातून निघे. चक्की दळे म्हणून घरघरे, चाक फिरे म्हणून खडखडे. नव्या यंत्रांचे काम बहुधा मुक्याने चालते आणि बोलण्यासाठी त्यांच्यात एक इवलासा भोंगा वेगळा बसविलेला असतो. धुण्याचे यंत्र, सूक्ष्मलहरींची भट्टी, पैसे देणारे यंत्र, सर्वांचे तेच 'टीं टीं', मुंबईत तेच आणि नांदुऱ्यातही तेच. हे भोंगे बहुधा सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या पट्टीत बोलतात, आणि नेमकी तीच पट्टी म्हाताऱ्या कानांतून हळूहळू निसटू लागते. जपानने घरगुती उपकरणांच्या अशा खुणांसाठी वृद्धांचा विचार करून २००२ साली मानक ठरविले आणि पुढे २०१० साली ते आंतरराष्ट्रीय झाले. यंत्र करणाऱ्याने ऐकणाऱ्याचे वय विचारले, ही मला मोठी सभ्यता वाटली.

हे सर्व मी एका संध्याकाळी नातीला सांगत होतो. तिने विचारले, "आजोबा, कुकरची शिट्टी तुम्हाला जशी ऐकू येते, तशीच म्हणून दाखवाल?" मी ओट्याजवळ जाऊन उभा राहिलो. शिट्टी झाली. तिच्या आजीने तोंडाने नक्कल केली ती 'फिस्स्-शी३' अशी. स आणि श दोन्ही धारदार. मी ऐकले ते 'हू' सारखे काहीतरी, दूर कोणी पोकळ नळीत फुंकर घालावी तसे. मी तसे म्हणून दाखविले. ती काही न बोलता वहीत लिहीत राहिली.

सातवे पत्रक दुहेरी आहे. डाव्या कागदावर आजीची शिट्टी: सकार-शकारांचे उंच, टोकदार कारंजे, आणि वरती तीनचा आकडा. उजव्या कागदावर माझी: तेच कारंजे, त्याच मापाचे, पण व्यंजने शाईवाचून नुसती कागदात दाबून उठविलेली. लांबून कागद कोरा दिसतो. जवळ जाऊन तिरप्या उजेडात पाहिले किंवा बोट फिरविले, तर अक्षरे तिथेच आहेत असे कळते. खाली काळ्या शाईत एकच 'हू'.

आमच्या सौभाग्यवती त्या पत्रकापुढे बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी उजव्या कागदावर बोट फिरविले आणि मला म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला हे एवढंच येतं होय कानावर?" गेल्या काही वर्षांत मी शब्दांनी जे त्यांना सांगू शकलो नव्हतो, ते एका कागदाने सांगितले होते. त्या दिवसापासून त्या मला हाक मारतात ती समोर येऊन. आणि मीही वैद्यांनी सुचविलेले कानातले यंत्र, जे 'पुढे बघू' म्हणून लांबणीवर पडले होते, ते आणविले आहे. ते लावल्यावर पहिल्या दिवशी मला वर्तमानपत्राच्या पानाची सळसळ ऐकू आली. पानाला आवाज असतो, हे स्मरणातून गेले होते.

ओसरीवर पत्रके पाहावयास आलेल्या माझ्या वयाच्या मंडळींपैकी तिघे-चौघे ह्याच पत्रकापाशी अधिक थांबले. एकाने उजव्या कागदाकडे आणि मग आपल्या कानाकडे बोट केले. दुसऱ्याने जाता जाता हलक्या आवाजात विचारले, "कान कुठं तपासले म्हणालात?" हलक्या आवाजात विचारल्यामुळे त्याला ते दोनदा विचारावे लागले.

भित्तिपत्रकाचे काम लोकांना काही सांगणे हे होय. विक्रीचा माल, नाटकाचा प्रयोग, सभेची वेळ, हे ती नेहमी सांगतात. परंतु जे आवाज जगातून गेले आणि जे आपल्या कानांतून चालले आहेत, त्यांची वार्ताही अक्षरे देऊ शकतात, हे मला ह्या दिवाळीत कळले. अक्षर म्हणजे जे क्षरत नाही ते, अशी आपल्या व्युत्पत्तीची सांगी आहे. रुळांचा ठेका गेला, तारेचा कट् गेला, केशपेशी झिजतात त्या झिजतात. तथापि कोणीतरी कान देऊन ऐकले आणि हात बसवून लिहिले, तर तेवढा अंश न क्षरणारा होतो.

वाचकांच्या घरांतही असे पुष्कळ आवाज असतील. एखाद्या रविवारी मुलानातवंडांना जवळ बसवून जाड लेखणी हाती द्यावी आणि पंख्याचा, पंपाचा, जिन्यातल्या लिफ्टचा आवाज आपल्या लिपीत लिहावयास सांगावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही तोच आवाज लिहावयास द्यावा, आणि मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावे. दोहोंत फरक दिसला तर त्यावर हसू नये; थोडे जवळ जाऊन बोलावे.